जिभेचा काटा

लाल दिव्याखाली तीन छोट्या वाट्या ठेवलेल्या. झाकणांवर आकडे: ४१८, २७३, ९०६. तिन्हींत बिनफोडणीचं पातळ वरण आणि त्यात मोजून घातलेला कांदा-लसूण मसाला. दोन वाट्यांतला मसाला एकच, तिसरीतला वेगळा. वेगळी वाटी कोणती, एवढंच सांगायचं. मी डावीकडून उजवीकडे तिन्ही चाखल्या, घोट पेल्यात थुंकले, मधे मधे कोमट पाण्याने चूळ भरली आणि अगदी छाती ठोकून २७३ वर खूण केली.

चुकलं. पुढच्या तीन वाट्यांतही चुकलं. तिसऱ्या खेपेला बरोबर आलं, पण तो आनंद फार टिकला नाही. तिघांतून एक निवडायची तर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याचंही तीनदा एकदा बरोबर येणारच.

मला हे चांगलंच झोंबलं. माझी आजी नुसत्या वासावरून आमटीत मीठ कमी आहे का ते सांगायची, आणि तिची जीभ माझ्याकडे आली असं माहेरी सगळे मानतात. लग्नाला तीस वर्षं झाली, तेव्हापासून कुठल्याही पंगतीत पहिला घास घेऊन मी निकाल देते. सोसायटीच्या ग्रुपवर ‘चव ओळखू शकणाऱ्या व्यक्ती हव्यात, आठवड्यातून दोन सकाळी, मानधन मिळेल’ असा निरोप आला तेव्हा आमचे हे म्हणाले, "जा. इथे फुकट नावं ठेवतेस, तिथे पैसे तरी देतील." कंपनी मसाल्यांची. नाव सांगणार नाही, कारण पहिल्याच दिवशी तशा कागदावर सही केली आहे.

निवडीच्या दिवशी आधी एक लांबलचक फॉर्म भरला. तंबाखू-मिश्री लावता का, कवळी आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या, शेंगदाणे-तीळ चालतात का. येताना अत्तर नको, लिपस्टिक नको, तासभर आधी चहा नको. मोगऱ्याचे दिवस होते. एकीने गजरा माळला होता, तो तिला बाहेर वॉचमनच्या टेबलावर काढून ठेवावा लागला. आमची परीक्षा घेणारी मुलगी तिशीच्या आतली, म्हैसूरच्या सीएफटीआरआयमधून फूड टेक्नॉलॉजी शिकून आलेली. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला काकू. वासावरून मीठ ओळखणाऱ्या आजीची गोष्ट मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितली. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "काकू, मिठाला वास नसतो." मग आजी काय ओळखत होती? बहुतेक आमच्या आईचा चेहरा.

मग पाण्याचे पेले आले. दिसायला सगळे सारखेच. गोड, खारट, आंबट, कडू, अजिनोमोटोची ती मांसल चव, आणि काही पेल्यांत नुसतंच पाणी. सगळं इतकं फिकं की घोट तोंडात घोळवत आपण जिभेला विनवण्या करत बसतो. मी आंबटाला कडू लिहिलं आणि एका साध्या पाण्याला गोड. आंबट आणि कडू यांच्यात पुष्कळ जण गोंधळतात म्हणे. चवीत गफलत नसते, नावात असते. लहानपणापासून नको ते सगळं आपण ‘कडू’त ढकललेलं असतं. वासाच्या बाटल्यांनी तर माझं नाकच कापलं. कापसावर काहीतरी टाकलेलं, झाकण उघडून हुंगायचं आणि नाव सांगायचं. ओळखीचं तर इतकं की अंगावर काटा यावा, आणि नाव काही केल्या आठवेना. वीस वर्षं गरम मसाल्यात घालतेय ते दगडफूल मी ‘जुनं कपाट’ असं लिहून आले.

आठ दिवसांनी फोन आला. मी तर आशाच सोडली होती. मॅडम म्हणाल्या, "तुमची उत्तरं पुष्कळ चुकली, पण तेच पेले क्रम बदलून दुसऱ्यांदा दिले तेव्हा तुम्ही पुन्हा तंतोतंत त्याच चुका केल्या. असे लोक आम्हाला हवेत." हा गौरव की अपमान, मला कळेना. नंतर समजलं. एखादा काटा रोज दहा ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो दुरुस्त करता येतो. आज दहा जास्त आणि उद्या पाच कमी दाखवणाऱ्या काट्याचं काय करायचं? माझ्याबरोबर आलेल्या एका बाईंचं पहिल्या दिवशी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बरोबर आलं होतं, दुसऱ्या दिवशी सगळं उलटंपालटं. त्यांना फोन गेला नाही.

त्या तीन वाट्यांच्या खेळाला ट्रँगल टेस्ट म्हणतात. त्यातली काटेकोर तयारी पाहून मला आमच्याकडच्या सोवळ्याची आठवण झाली. आकडे तीनच अंकी आणि कसेही घेतलेले, कारण ‘अ’ किंवा ‘१’ लिहिलं की माणूस मनातल्या मनात त्यालाच पहिला नंबर देऊन बसतो. दिवा लाल, म्हणजे ब्याडगीच्या मिरचीने एक वाटी जरा जास्त लालभडक दिसत असली तरी डोळ्यांना कळू नये. वाट्या मांडण्याच्या सहा तऱ्हा होतात, त्या सहाही बसणाऱ्यांत सारख्या वाटायच्या. आणि ‘माहीत नाही’ हे उत्तरच नाही. कळलं नाही तरी एक वाटी निवडायचीच. सुरुवातीला मला हा अन्याय वाटायचा. पण हिशोब त्यावरच उभा आहे. कंपनीला लसणाची पूड दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यायची असली की २४ जणांना बसवतात. कोणालाच फरक कळत नसेल तरी नशिबाने आठेक जण बरोबर येतीलच. १३ किंवा त्याहून जास्त आले, तर मात्र तो नुसता योगायोग असण्याची शक्यता शंभरात पाचांपेक्षा कमी, आणि मग फरक आहे असं धरायचं. म्हणजे माझ्या एकटीच्या छाती ठोकण्याला तिथे कवडीची किंमत नाही. मी चोविसांतली एक.

मी तोंड पाडून बसले होते तेव्हा मॅडमनी एका इंग्रज बाईंची गोष्ट सांगितली. इंग्लंडात रॉथमस्टेड इथे शेतीचं जुनं संशोधन केंद्र आहे. तिथल्या म्युरिएल ब्रिस्टल या शैवालाच्या अभ्यासक. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं असं त्या म्हणाल्या. तिथेच काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनी त्यावर आठ कपांची परीक्षा मांडली, चार असे आणि चार तसे. निव्वळ अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. १९३५ मध्ये फिशरनी हे उदाहरण पुस्तकात घातलं आणि त्यावर संख्याशास्त्राच्या पिढ्या शिकल्या. आमच्याकडे कुणी असा दावा केला असता तर ‘फार चोखंदळ झालीस’ म्हणून विषय संपला असता.

ट्रँगलमध्ये फरक आहे की नाही एवढंच कळतं. काय फरक आणि किती, यासाठी आम्हा बारा जणांना तीन महिने तालीम मिळाली. आमच्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, एक संस्कृतच्या प्राध्यापिका, बाकी माझ्यासारख्या गृहिणी. पहिला धडा नाकाचा. संत्र्याची लिमलेटची गोळी नाक घट्ट दाबून तोंडात टाकायची. नुसती गोड आणि आंबट. आंब्याची आहे की संत्र्याची, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. नाक सोडलं की क्षणात संत्रं! आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचं असतं. मी घरी येऊन सगळ्यांना नाकं दाबायला लावली. जिभेच्या टोकावर गोड आणि मागे कडू हे शाळेतलं चित्रही त्याच आठवड्यात पुसलं गेलं. गोड, खारट, आंबट, कडू साऱ्या जिभेवर कळतं.

मग शब्द. खरी मजा इथे आली आणि खरी भांडणंही. टेबलावर सहा मसाले, आणि प्रत्येकाने जे जाणवेल ते लिहायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या कागदावर एक शब्द होता: खमंग. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला आणि खोडला. आम्ही खवळलो. खमंग खोडायचा म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "खमंग ही शाबासकी आहे. मला शाबासकी नको, त्यात काय काय आहे ते सांगा." दोन सकाळी नुसत्या खमंगावर गेल्या. शेवटी त्याचे तुकडे पडले: भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेले तीळ, धने, तळलेला कांदा, आणि शेवटी एक किंचित करपट कड. ती कड काढली तर खमंगपणा जातो आणि वाढली तर सगळंच करपट होतं. मला हे आयुष्यभर करता येत होतं आणि एकदाही सांगता आलं नव्हतं.

प्रत्येक शब्दाला एक वस्तू नेमून दिली, म्हणजे बाराही जणांच्या डोक्यात एकच गोष्ट यावी. खवट म्हणजे उबेत मुद्दाम जुनं केलेलं खोबरं. कुबट म्हणजे दमट पोत्याचा तुकडा. मातकट म्हणजे न धुतलेल्या बटाट्याची साल. तुरट म्हणजे कोरा, खूप उकळलेला चहा. उग्र या शब्दावर रेल्वेवाले काका आणि मी आठवडाभर बोलत नव्हतो. ते म्हणत उग्र म्हणजे लसूण, मी म्हणे उग्र म्हणजे हिंग. शेवटी उग्र गेलाच, ‘कच्चा लसूण’ आणि ‘हिंग’ असे दोन वेगळे शब्द आले.

प्राध्यापिका बाईंनी षड्रस काढले तेव्हा आणखी एक गंमत कळली. संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे आपलं तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे आपलं कडू. शब्द मराठीत उतरताना त्यांनी चवी बदलल्या. वर मॅडम म्हणाल्या की आजच्या शास्त्राने पाहिलं तर त्या सहांतले दोन रस चव म्हणून बसतच नाहीत. तुरटपणा म्हणजे तोंडातलं बुळबुळीतपण जाऊन आलेला कोरडा खरखरीतपणा, स्पर्शाच्या जातीचा. आणि तिखट ही तर वेदना. मिरचीतलं तिखट द्रव्य कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चिकटतं, तोच ४३ अंशांच्या वरची उष्णता जाणतो. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर. म्हणजे मिसळ खाऊन ‘तोंड भाजलं’ म्हणतो ते मेंदूच्या लेखी अगदी खरं.

कडूच्या बाबतीत तर जन्मतःच प्रत्येकाची जीभ वेगळी. एकदा पीटीसी नावाच्या रसायनाच्या कागदी पट्ट्या जिभेवर ठेवायला दिल्या. मी थू थू करत बेसिनकडे पळाले, आणि काका पट्टी चघळत विचारताहेत, "सुरू कधी व्हायचं?" १९३१ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट या रसायनांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून ही पूड उडाली, शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून ओरडला आणि फॉक्सना काहीच लागेना, तेव्हा हे उघडकीला आलं. त्या दिवसापासून कारल्यावरून मी कोणाला बोललेली नाही. आमच्या धाकट्याला लहानपणी जबरदस्तीने भरवलेली कारली आठवून मात्र पोटात कालवलं.

मोजायचं ते १५ सेंटिमीटरच्या रेघेवर. डावं टोक म्हणजे अजिबात नाही, उजवं म्हणजे अतिशय. आता रेघ टॅबवर असते, बोटाने खूण करायची. ‘आवडलं का?’ हे आम्हाला कोणी कधी विचारत नाही. नऊ पायऱ्यांची ‘अतिशय आवडलं’पासून ‘अतिशय नावडलं’पर्यंतची एक पट्टी असते, सैनिकांच्या शिध्यासाठी अमेरिकी लष्कराच्या शिकागोतल्या संस्थेत ती तयार झाली. पण ती बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी. आमच्या आवडीनिवडी दाराबाहेर, गजऱ्याशेजारी. हे मला सगळ्यात जड गेलं. आवडलेल्या मसाल्याला माझं बोट आपोआप सगळ्याच चांगल्या शब्दांत उजवीकडे सरकायचं. मॅडम आलेख दाखवायच्या, बारांच्या बारा खुणा, आणि त्यात माझी एक कुठेतरी लांब, कळप सोडून गेलेल्या शेरडासारखी.

तिखटाचे दिवस वेगळेच. एका सकाळी चारच नमुने, दोन नमुन्यांत पाच मिनिटं, मधे कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. फार झालं तर दूध, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधाने सुटतं. स्टॉपवॉच लावून सांगायचं: झणका कधी आला, कुठे आला, कळस कधी, ओसरला कधी. लवंगी मिरची ओठांवरच गाठते. ब्याडगी रंगाने घाबरवते आणि काही करत नाही. संकेश्वरी उशिरा येते आणि घशात मुक्काम करते. १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधतज्ज्ञाने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत करत पाच जणांना चाखवला होता. तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पातळ करावं लागलं, तो तिचा आकडा. आज कॅप्सेसिन यंत्राने मोजतात. मग आम्ही कशाला?

हे मलाही वाटायचं, एका पावसाळ्यापर्यंत. दोन घाण्यांचा मसाला यंत्राला सारखाच तिखट दिसला. आम्हा बाराही जणांच्या खुणा मात्र सांगत होत्या की दुसरा लवकर चढतो आणि वर जातो. कारखान्यात विचारणा झाली तेव्हा कळलं, दुसऱ्या घाण्यात खोबरं कमी पडलं होतं. तेल कमी, म्हणून कॅप्सेसिन धरून ठेवायला काही नाही. सगळं थेट जिभेवर. यंत्राने मिरची बरोबर मोजली होती, तोंड मोजलं नव्हतं. त्या दिवशी मॅडमनी आम्हाला गुळपोळी खाऊ घातली, आणि काकांनी सवयीने ‘गूळ नऊ, खसखस चार’ असं सांगून टाकलं.

घरी हा रोग पसरायला वेळ लागला नाही. ‘पोळी करपट तीन’ असं मी म्हणाले की हे पेपर वर धरायचे. पण खरा उपयोग झाला तो आईंच्या बाबतीत. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. वर्षभरात त्यांची आमटी बदलली होती. मीठ जास्त, हिंग तर इतका की जिन्यात वास यावा. जाऊबाई आल्या की कुजबुजायच्या, "आईंचा हात गेला." पूर्वीची मी असते तर मीही पहिल्या घासाला निकाल दिला असता. आता ज्याच्या त्याच्या पानावर काय मांडलंय तेच ठाऊक नसताना निकाल द्यायला जीभ रेटेना.

एका दुपारी मी मिठाच्या पाण्याचे पाच पेले केले, तळाला चिठ्ठ्या लावल्या आणि म्हटलं, "आई, जरा खेळ खेळायचा का?" त्यांनी पाचही चाखून फिकं ते खारट असे ओळीत लावून दिले. एकही चूक नाही. दुसऱ्यांदा क्रम बदलून दिले, पुन्हा तेच. जीभ शाबूत होती. मग डोळे मिटायला सांगून डब्या नाकाशी धरल्या. कापराला ‘हं, कापूर’ म्हणाल्या, तोही झोंबला म्हणून. वेलची नाही. दालचिनी नाही. हिंगाची डबी उघडून धरली, माझ्या डोळ्यांत पाणी येईल इतकी जवळ.

"धर ना," त्या म्हणाल्या.

"धरलीय आई."

त्यांनी डोळे उघडले, डबीकडे पाहिलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. फोडणीत वास येईपर्यंत त्या हिंग घालत होत्या, आणि तो येतच नव्हता. वास नाही म्हणून आमटी सपक, सपक म्हणून आणखी चिमूटभर मीठ. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाने जिभेपेक्षा नाक आधी थकतं, आणि ते पुरतं परत येईलच असं नाही.

आता फोडणी त्याच घालतात, त्यात मी पडत नाही. डबीतला तो इवलासा चमचा, एकदाच. मग मला हाक मारतात, मी वाफेवर नाक धरते आणि आकडा सांगते. रेघ, शून्य आणि पंधरा त्यांना एकदाच समजावलं होतं.

परवा मी म्हटलं, "हिंग साडेसहा."

कढईवर झाकण ठेवत त्या म्हणाल्या, "काल तेवढ्याच चमच्याला आठ म्हणाली होतीस. सर्दी झालीय का तुला?"

झाली होती.